मोबाईलवरचा छळ: ओळखावा कसा आणि आवरावा कसा?

(संस्थेच्या जेसल पार्क, भाईंदर (पूर्व) येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, शिष्यवृत्त्या, स्पर्धापरीक्षा अशा विषयांवर मान्यवरांची भाषणे होतात. यंदा मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी "मोबाईलवरून होणारा छळ" असे सांगितले. कार्यवाह साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, समोर बायका-मुले असतात. हा विषय बरा दिसेल काय?" मी म्हटले, बायका-मुले समोर असतात म्हणूनच हा विषय घ्यायचा. मी वकील नाही, पोलीस नाही, संगणकतज्ज्ञही नाही. मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. शिक्षकाला जे दिसते तेवढेच आपणापुढे मांडणार आहे.

आपण जेथे जमलो आहोत त्या जेसल पार्कच्या चौपाटीवर एखाद्या संध्याकाळी फेरी मारा. समोर वसईची खाडी, पुलावरून जाणाऱ्या गाड्या, छान वारा. एकाच कठड्यावर बाप आणि मुलगी शेजारी शेजारी बसलेली असतात आणि दोघांच्या हातात आपापला मोबाईल असतो. त्या क्षणी त्या मुलीला कोणी घाणेरडे काही लिहून पाठवत असेल, तर एका वितीवर बसलेल्या बापाला त्याचा पत्ता नसतो. पूर्वी कोणी मुलीची छेड काढली तर रस्त्यावर दहा माणसे पाहत. आता छेड काढणारा घरात, आपल्या दिवाणखान्यात येऊन बसतो आणि घरातल्या माणसांना दिसत नाही.

मला स्वतःला हे फार उशिरा समजले. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे दहावीची एक विद्यार्थिनी एकाएकी यायची बंद झाली. हुशार मुलगी, निबंध सुंदर लिहायची. चौकशी केली तेव्हा कळले की तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर कोणी खाते उघडले आहे, त्यावर स्नेहसंमेलनातला तिचा फोटो लावला आहे आणि त्या खात्यावरून मुलांना नको नको ते संदेश जात आहेत. मी तिला शाळेत बोलावले आणि मोठ्या शहाणपणाने सांगितले, "तू मोबाईल वापरायचा बंद कर, सगळे आपोआप थांबेल." तिने मान खाली घालून उत्तर दिले, "सर, मोबाईल माझा नाहीच. अम्मीचा आहे. आणि ते खातं मी उघडलेलंच नाही." मला पुढे काय बोलावे ते सुचेना.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. "सर, मुलीची जात म्हणजे काचेचं भांडं. उद्या बोभाटा झाला तर तिच्याशी लग्न कोण करील? घरीच बसू दे." मी फार वाद घातला नाही. तो अपराध माझा. त्या मुलीने पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, उत्तीर्ण झाली. पण कॉलेजचे तोंड तिने पाहिले नाही. ते खाते उघडणारा मुलगा शेजारच्याच तुकडीतला निघाला. त्याला विचारले तर म्हणाला, "सर, मस्करी केली हो." त्याला समज देण्यात आली आणि तो परत आपल्या बाकावर बसला. करणारा बाकावर आणि सोसणारी घरी! हा न्याय आपण, म्हणजे शाळेने आणि घराने मिळून केला होता. त्या मुलाने फक्त सुरुवात केली होती.

मित्रहो, मला आज जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे. छळाचा हेतू माणसाला मागे हटवणे हा असतो. ती बोलू नये, दिसू नये, शिकू नये, चारचौघांत येऊ नये. आणि जेव्हा घाबरलेले पालक मुलीचा मोबाईल काढून घेतात, क्लास बंद करतात, शाळा सोडवतात, तेव्हा छळणाऱ्याचे उरलेले काम ते स्वतःच्या हाताने पुरे करतात.

मोठ्या माणसांना निनावी पत्रे आठवत असतील. कोणी आकसाने पत्र लिहायचा, ते एका घरात जायचे, चार दिवस रडारड व्हायची आणि पत्र चुलीत जायचे. मोबाईलवरच्या नालस्तीला चूल नाही. एकाने टाकलेला फोटो शंभर जण उतरवून घेतात. मूळ पुसले तरी नकला उरतात. पत्र वाचणारे पाच असत, येथे पाच हजार असू शकतात. शाळेतला त्रास घरी आल्यावर थांबे, हा रात्री दोन वाजता उशाशी वाजतो. आणि लिहिणाऱ्याला समोरच्याचे डोळ्यांतले पाणी दिसत नसल्यामुळे त्याचा हात आवरत नाही. एरवी भित्रा असणारा मुलगा टोपणनावाच्या आडून शूर होतो.

आता एक उदाहरण देतो, ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये गिटहब नावाच्या संगणकीय मंचावर एक ॲप निघाले. त्यात मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या परवानगीवाचून घेऊन जणू त्या विक्रीला काढल्या आहेत असे दाखवले होते. त्याच धर्तीचे दुसरे ॲप १ जानेवारी २०२२ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी उघडकीस आले. शंभराहून अधिक स्त्रियांचे फोटो त्यात होते. दोन्ही ॲपना दिलेली नावे मुस्लिम स्त्रीला दिलेल्या शिव्याच होत्या. 'सुल्ली' आणि 'बुल्ली' हे शब्द मी येथे एकदाच उच्चारतो. त्या स्त्रिया कोण होत्या? कोणी पत्रकार, कोणी वकील, कोणी सामाजिक कार्यकर्ती. पहिल्या यादीत तर विमान चालवणारी एक वैमानिकही होती. विक्री कोणाचीच झाली नाही, व्हायचीही नव्हती. हेतू अपमानाचा होता. ज्या शिकल्या, बोलू लागल्या, ज्यांचे नाव झाले, नेमक्या त्याच निवडल्या होत्या. काहींनी आपली खाती बंद केली. परंतु पुष्कळ जणी मागे हटल्या नाहीत. त्यांनी उघडपणे तक्रारी दिल्या. दुसऱ्या ॲपच्या प्रकरणात मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि थोड्याच दिवसांत बंगळूर व उत्तराखंड येथून अटका झाल्या. दिल्ली पोलिसांनी आसाममधून एकाला आणि पहिल्या ॲपच्या प्रकरणात इंदूरमधून एकाला पकडले.

या प्रकरणातली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून झोप येऊ देत नाही. पकडलेल्यांची वये अठरापासून पंचविशीच्या आसपास होती. त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, एक तरुण मुलगीही होती. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, म्हणून मी कोणाचे नाव घेत नाही. परंतु असे काम करायला शिक्षण लागते, हे तर उघड आहे. आपण मुलाला संगणक शिकवला आणि माणुसकी शिकवायची राहिली, तर काय होते ते येथे दिसते. आणि हा धडा केवळ इतरांच्या मुलांसाठी नाही. आपल्याही मुलांच्या ग्रुपमध्ये कोणा ना कोणाची मुलगी चेष्टेचा विषय असते. तिचा धर्म कोणताही असो, ती कोणाची तरी लेक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, छळ ओळखावा कसा? त्याची काही रूपे सांगतो. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संदेश पाठवणे, एक खाते बंद केले की दुसऱ्यावरून पाठवणे, ती केव्हा जागी आहे, कोठे जाते यावर पाळत ठेवणे, हे एक रूप. दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, हे दुसरे. कोणाचा घरचा पत्ता किंवा मोबाईल नंबर मुद्दाम चव्हाट्यावर टाकून "हिला फोन करा" म्हणणे, हे तिसरे. चेहरा एकाचा आणि शरीर दुसऱ्याचे असे चित्र तयार करणे, हे चौथे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच एका स्त्रीच्या चित्रफितीवर बसवून ती सर्वत्र पसरवण्यात आली, हे आपणांस आठवत असेल. "प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले" हा पुरावा मानण्याचे दिवस आता गेले. एखाद्या मुलीचा तसला फोटो आपल्यापर्यंत आला तर आधी हे स्मरावे.

पाचवे रूप सर्वांत घातक आहे, ते म्हणजे धमकी. "फोटो पाठव, नाहीतर आधीचा सगळ्यांना दाखवतो", "पैसे टाक, नाहीतर अब्बांना पाठवतो." येथे मुलांनीही सावध राहावे. मुलीच्या फोटोआडून बोलणारा कोणी तरी मुलाला व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावतो आणि मग पैसे मागतो. मुलगे लाजेपोटी मुलींपेक्षाही जास्त गप्प बसतात. सहावे रूप गोड असते. अनोळखी मोठा माणूस लहान मुलाशी खेळातून ओळख काढतो, कौतुक करतो, गेममध्ये लागणारे पैसे भरतो आणि एक दिवस म्हणतो, "हे आपले गुपित, घरी सांगू नकोस." मुलांनो, घरी सांगू नको असे जो मोठा माणूस सांगतो, त्याच्याबद्दल त्याच दिवशी घरी सांगा. आणि सातवे रूप वर्गातलेच आहे. एकाला वगळून ग्रुप काढणे, त्याच्या रंगावर, बोलण्यावर, गरिबीवर रोज टिंगल करणे.

"पण सर, मस्करी आणि छळ यांत फरक कसा करायचा?" असे मला मुले विचारतात. मी त्यांना तीन प्रश्न देतो. ज्याची मस्करी चालली आहे तो हसत आहे काय? त्याने थांब म्हटल्यावर तुम्ही थांबलात काय? आणि हेच तुम्ही स्वतःच्या नावाने, त्याच्या आई-वडिलांसमोर म्हणाला असता काय? यांतल्या एकाचेही उत्तर नाही असे आले, तर ती मस्करी उरली नाही. आपल्या घरांतून हे नवे सांगावे लागू नये. सूरह हुजुरातमध्ये थट्टा, वाईट टोपणनावे, दुसऱ्याची हेरगिरी आणि गीबत यांना स्पष्ट मनाई आहे. ती मनाई तोंडाने केलेल्या गीबतीला आहे आणि अंगठ्याने फॉरवर्ड केलेल्या गीबतीला नाही, असे कोणी समजू नये.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न पटणारे प्रत्येक मत म्हणजे छळ नव्हे. आपल्याच रेल्वेमार्गावर विरारच्या पुढे पालघर आहे. तेथे नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते पसंत केले. दोघींना अटक झाली आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या लिखाणात कोणाला धमकी नव्हती, कोणाचा पाठलाग नव्हता. पुढे ते प्रकरण मिटले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ ए हेच घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मतावर मताने उत्तर द्यावे. माणसाच्या अंगावर, अब्रूवर किंवा घरावर जाणे हा छळ. या दोहोंची गल्लत आपण कधी करू नये.

आता पालकांसाठी. मूल तोंडाने सांगत नाही, पण त्याचे वागणे सांगते. मोबाईल वाजला की दचकणे, कोणी जवळ आले की पडदा पालथा करणे, जेवण तुटणे, रात्री जागणे, शाळेला जाताना पोटात दुखणे, अचानक पैसे मागणे किंवा घरातले पैसे नाहीसे होणे, आवडत्या मैत्रिणीचे नाव काढायचे बंद होणे. यांतले एखादे लक्षण परीक्षेच्या काळजीचेही असू शकते. परंतु दोन-तीन एकत्र दिसली तर जवळ बसवून विचारावे. विचारताना पहिले वाक्य "तू काय केलेस?" असे नसावे. "तुला कोणी त्रास देत आहे काय? मी रागावणार नाही," असे असावे. आणि मग खरोखरच रागावू नये. मूल एकदाच विश्वास टाकून पाहते.

त्रास उघड झाल्यावर करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. घाईघाईने सगळे पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा. संदेशांचे, खात्याच्या नावाचे, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, खात्याची लिंक लिहून ठेवावी. अपवाद एकच: मुलाचे उघडे चित्र असेल तर त्याच्या नकला काढू नयेत, कोणालाही पाठवू नयेत, मोबाईल जसाच्या तसा पोलिसांना दाखवावा. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. त्याच्याशी वाद घालू नये. पुरावा ठेवून झाल्यावर त्या खात्याविरुद्ध त्या ॲपवरच तक्रार नोंदवावी आणि मग ते ब्लॉक करावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी कंपन्यांवर असे बंधन घातले की उघड्या शरीराचे किंवा बनावट चित्र असल्याची तक्रार संबंधित व्यक्तीने केल्यास २४ तासांत ते हटवण्याची कारवाई व्हावी. फोटो पसरण्याची भीती असेल तर अठरा वर्षांखालील मुलांसाठी 'टेक इट डाऊन' आणि प्रौढांसाठी 'स्टॉप एन.सी.आय.आय.' अशा विनामूल्य सोयी आहेत. त्यांत चित्र आपल्याच मोबाईलमध्ये राहते. फक्त त्याचा एक प्रकारचा आकडी ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि त्या ठशाशी जुळणारे चित्र त्यांना अडवता येते.

पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक तत्काळ लावावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर स्त्रिया व मुलांवरील अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तेव्हा तक्रारीसाठी ठाण्याला जावे लागेल ही सबब राहिली नाही. गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला याचा वाद न घालता कोणत्याही पोलीस ठाण्यात तो प्रथम नोंदवता येतो.

कायद्याबद्दल दोनच मुद्दे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ खाली स्त्रीचा पाठलाग हा गुन्हा आहे आणि त्यात मोबाईल-इंटरनेटवरून ठेवलेली पाळतही येते. कलम ७७ मधली एक गोष्ट फार मोलाची आहे. स्त्रीने खासगी चित्र काढू दिले असेल, पण ते इतरांना दाखवायला संमती दिली नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हाच आहे. म्हणजे "तिनेच काढू दिला होता ना?" हे म्हणणे कायद्याला मान्य नाही. मग घराला का असावे? आणि मूल अठराच्या आतले असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तो मुलांना आणि मुलींना सारखाच लागू आहे. मुलाची ओळख वर्तमानपत्रात छापता येत नाही, जबाब त्याच्या घरीही घेता येतो आणि जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असू नये असेही त्यात म्हटले आहे. बोभाट्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

पालकहो, आपण म्हणाल, मोबाईलच काढून घेतला तर प्रश्नच मिटला. मिटत नाही. त्या दहावीतल्या मुलीकडे मोबाईल नव्हताच. शिवाय मुलीला एकदा कळले की त्रासाबद्दल तोंड उघडले तर शाळा सुटते, की ती पुन्हा तोंड उघडणार नाही. धमकी देणाऱ्याचे सारे बळ "तुझ्या घरी सांगतो" या एका वाक्यात आहे. ज्या घरात मुलीनेच आधी सांगितलेले असते, त्या घरात ते वाक्य फुकट जाते. इज्जत आपली जायची असेल तर ती छळणाऱ्याच्या घरची जावी. सोसणाऱ्याच्या घरची का जावी?

१८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघत तेव्हा त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. फेकणाऱ्यांना त्यांचे लुगडे खराब करायचे नव्हते, त्यांना घरी परत पाठवायचे होते. त्या परतल्या नाहीत आणि जोतीरावांनीही त्यांना परत बोलावले नाही. आपल्या मुलीवर आज मोबाईलवरून शेण फेकले गेले तर आपण काय करणार, एवढाच प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. गेल्या वर्षी ती विद्यार्थिनी मला भाईंदर स्टेशनबाहेर भेटली. मी ओशाळलो. तीच म्हणाली, "सर, धाकटीला अकरावीत घातलंय. मोबाईलही घेऊन दिलाय. तिला सांगून ठेवलंय, काही झालं तर पहिलं मला सांग, मी तुझ्याबरोबर पोलिसांत येते." आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेला धडा तिने एकटीने शिकून धाकट्या बहिणीला दिला होता. तिला तो कोणी दिला नव्हता. आपण निदान आपल्या घरी जाऊन आज रात्री तेवढे एक वाक्य मुलांना सांगू या.